सुटलेला पडदा आणि त्याला धरून ठेवणारे पदार्थ

डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, मागच्या थराला चिकटलेला नसतो. तो तिथे नुसता टेकलेला असतो. या पुस्तकातल्या बाकी सगळ्या माहितीआधी हे सांगायला हवं, कारण गेल्या शंभर वर्षांतली शल्यविशारदांची आणि रसायनतज्ज्ञांची सगळी खटपट याच गोष्टीतून निघालेली आहे. गर्भात डोळा घडताना दोन थर समोरासमोर येतात. आतल्या थराचं दृष्टिपटल होतं, बाहेरच्या थरातून रंगद्रव्य असलेल्या पेशींचा एकपदरी थर तयार होतो. दोघांमधली फट मिटते, पण सांधली कधीच जात नाही. रंगद्रव्याच्या पेशी त्या फटीतलं पाणी अहोरात्र शोषून बाहेर टाकत राहतात, आणि मुख्यतः त्या ओढीवर सरासरी पाव मिलिमीटर जाडीचा हा पडदा जन्मभर जागेवर राहतो.

तो सुटतो कसा? डोळ्याच्या पोकळीत सुमारे ४ मिलिलिटर पारदर्शक जेल असतो, व्हिट्रियस. त्यातलं ९८ टक्क्यांहून जास्त निव्वळ पाणी, बाकी कोलॅजनचे अतिसूक्ष्म धागे आणि हायलुरॉनिक आम्ल. वय वाढलं की हा जेल पातळ होतो, आक्रसतो आणि एक दिवस पडद्यापासून अलग होतो. बहुतेकांच्या बाबतीत हे निमूटपणे पार पडतं. पण जिथे जेल पडद्याला घट्ट धरून असतो, तिथे तो सुटताना पडद्याचा तुकडा ओढतो आणि छिद्र पडतं. मग पातळ झालेलं पाणी त्या छिद्रातून मागे शिरतं आणि पडदा उचलला जातो. मोठा उणे नंबर असलेल्यांना, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना, डोळ्याला मार लागलेल्यांना हा धोका अधिक. पडद्याच्या प्रकाशग्राही पेशींना अन्न आणि प्राणवायू मागच्या थरातून मिळतो. पडदा उचलला गेला की त्या पेशींची उपासमार सुरू होते. म्हणून या दुखण्यात तासांचा आणि दिवसांचा हिशेब चालतो, महिन्यांचा नाही.

हे पुस्तक त्या दुखण्याबद्दल आहे, पण त्याहून जास्त ते दुखणं दुरुस्त करण्यासाठी माणसाने डोळ्यावर आणि डोळ्यात जे पदार्थ ठेवले त्यांच्याबद्दल आहे. पट्ट्या, स्पंज, नळ्या, वायू, तेलं, जड द्रव, आणि आता जेल. मी नेत्रतज्ज्ञ नाही. पॉलिमर शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. शल्यविशारदांच्या कौशल्याच्या कथा अनेकांनी लिहिल्या आहेत. त्यांच्या चिमट्यात धरलेल्या वस्तूची कथा मात्र फारशी कुणी सांगत नाही, आणि मराठीत तर ती सांगितलेली मला आढळली नाही. हा पदार्थ शरीराला चालतो का, हा प्रश्न आपण एकदा विचारून मोकळे होतो. माझं म्हणणं असं की तो अर्धाच प्रश्न आहे. कुठे चालतो, किती काळ चालतो, कशाच्या सोबतीने चालतो, हे विचारल्याशिवाय उत्तराला अर्थ येत नाही. पडद्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास त्याचा जितका ठसठशीत पुरावा देतो, तितका मला तरी दुसरीकडे सापडलेला नाही.

सुरुवात पदार्थाने झाली नाही, ती निदानाने झाली. हेल्महोल्ट्झने १८५१ साली डोळ्याच्या आत पाहण्याचं उपकरण बनवलं आणि सुटलेला पडदा जिवंत माणसात दिसू लागला. पण दिसला म्हणून बरा करता येईना. रुग्णाला आठवडेच्या आठवडे उताणं निजवत, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. एवढं करूनही बहुतेक सगळे आंधळे होत. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ज्यूल गोनँ यांनी ठासून सांगितलं की पडद्यातलं छिद्र हेच आजाराचं मूळ आहे. ते शोधा आणि बंद करा. त्यांनी बाहेरून तापलेलं उपकरण नेमकं त्या जागी टेकवून छिद्राभोवतीचा भाग भाजला. तिथे व्रण धरला, छिद्र मिटलं, पडदा बसला. त्यांच्या समकालीनांना हे पटायला दहा वर्षं लागली. १९२९ च्या ॲमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय नेत्रपरिषदेत अखेर त्यांचं म्हणणं मान्य झालं. आजही कुठल्याही पद्धतीने पडदा बसवायचा असला तरी पहिलं काम गोनँचंच: प्रत्येक छिद्र शोधायचं, एकही सोडायचं नाही.

पण नुसतं भाजून भागत नव्हतं. जेलची ओढ कायम राहिली तर मिटलेलं छिद्र पुन्हा उघडतं. मग कल्पना आली की पडद्याला भिंतीकडे नेण्यापेक्षा भिंतच पडद्याकडे ढकलावी. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या अर्न्स्ट कुस्टोडिस यांनी १९४९ साली श्वेतपटलावर, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, एक छोटा ठोकळा शिवला. त्याच्या दाबाने भिंत आत खचली आणि छिद्र बुजलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनला हॅरॉल्ड रिडली यांनी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात ॲक्रिलिकचं पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. युद्धात जखमी झालेल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या खिडकीचे ॲक्रिलिकचे कण वर्षानुवर्षं शांत पडून राहिलेले त्यांनी पाहिले होते. डोळा परक्या वस्तूला आसरा देऊ शकतो, हा विश्वास या दोन कामांनी एकाच वर्षी दिला.

कुस्टोडिसचा ठोकळा पॉलिव्हायोलचा होता. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, त्यात डिंक आणि काँगो रेड हा रंग. हाताळायला सोयीचा, दाब उत्तम. पण काही रुग्णांमध्ये त्याच्याखालचं श्वेतपटल मृत झालं, गळू झालं, काही डोळे त्यापायी गमावले गेले. अमेरिकेतल्या शल्यविशारदांनी हे पाहून ती पद्धतच नाकारली. न्यूयॉर्कच्या हार्वी लिंकॉफ यांनी मात्र पद्धत आणि पदार्थ वेगळे काढले. त्यांचं म्हणणं, कल्पना योग्य आहे, ठोकळा चुकीच्या पदार्थाचा आहे. १९६५ साली त्यांनी सिलिकॉनचा स्पंज वापरून तीच शस्त्रक्रिया पुन्हा उभी केली. एखादी वस्तू शरीराने नाकारली की आपण तिच्यामागचा विचारही टाकून देतो. लिंकॉफ यांनी तसं केलं नाही, म्हणून हजारो डोळे वाचले.

दुसरी वाट बॉस्टनहून आली. चार्ल्स शेपेन्स हे बेल्जियमचे. दुसऱ्या महायुद्धात नाझींविरुद्धच्या छुप्या चळवळीत होते. फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवर खोटं नाव घेऊन लाकडाची वखार चालवत माणसं सीमेपार पोचवत होते. तिथून निसटून लंडनला आल्यावर त्यांनी दोन्ही डोळ्यांनी पडद्याच्या कडेपर्यंत पाहता येईल असं, डोक्यावर बांधायचं उपकरण बनवलं. आज कुठल्याही पडद्याच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या कपाळावर जो दिवा दिसतो, तो त्याच्याच वंशातला. १९४७ साली ते बॉस्टनला आले, आणि १९५१ पासून डोळ्याला पूर्ण वेढा देणारी बंधनी वापरू लागले. लहान मुलाच्या कमरेला करगोटा घट्ट बसला की तिथे वळ पडतो, तसा डोळ्याच्या मधल्या घेरावर आतून एक उंचवटा तयार होतो आणि जेलची ओढ सगळीकडूनच सैल पडते. पहिली बंधनी पॉलिथिलीनच्या नळीची होती. पॉलिथिलीन रासायनिकदृष्ट्या अगदी निरुपद्रवी. त्याने ऊतींवर काही विषारी परिणाम केला असं कुणी म्हणणार नाही. पण नळी कठीण होती. वर्षानुवर्षं दाब देत ती श्वेतपटल कापत आत उतरू लागली, आणि तिच्या पोकळ गाभ्यातून जंतूंना वाट मिळाली. पॉलिव्हायोल रसायनाने अडचणीत आलं, पॉलिथिलीन निव्वळ कठीणपणाने. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या जागी घन सिलिकॉन रबराच्या मऊ पट्ट्या आल्या आणि त्या आजतागायत आहेत.

सिलिकॉन रबर म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या आळीपाळीने जोडलेल्या लांब साखळ्या, प्रत्येक सिलिकॉनला दोन मिथाइल गट लटकलेले. पाण्याला जवळ करत नाही, प्रथिनांशी फारशी प्रक्रिया करत नाही, वाफेच्या दाबात निर्जंतुक करता येतं, ताणलं तर परत येतं. शरीर त्याच्याभोवती तंतूंची पातळ पिशवी विणतं आणि मग दोघंही एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. स्पंजात बारीक हवेच्या पोकळ्या असतात. त्यामुळे तो अधिक लवचिक, पण जंतुसंसर्गाचा धोकाही त्याला घन पट्टीपेक्षा जास्त. म्हणून शिवण्याआधी तो प्रतिजैविकात भिजवून घेतात.

एका नेत्रतज्ज्ञ मित्राच्या कृपेने मला ही शस्त्रक्रिया जवळून पाहता आली. त्यातली एक गोष्ट मला आजही लख्ख आठवते. डोळा फिरवणारे चार सरळ स्नायू एकेक करून आकड्यावर घेतले, प्रत्येकाखालून अडीच मिलिमीटर रुंदीची पांढुरकी पट्टी सरकवली. मग खोलीतले दिवे मालवले. डॉक्टरांनी कपाळावरच्या दिव्याने आत पाहत, बाहेरून शीतशलाका टेकवली. छिद्राभोवतीचा पडदा गोठून पांढरा होताना त्यांनी मला भिंगातून दाखवला. पुन्हा दिवे लागले आणि टाके सुरू झाले. श्वेतपटल त्या भागात जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, स्नायूंच्या मुळांमागे तर ०.३ मिलिमीटर. सुई त्याच्या अर्ध्या जाडीतूनच जायला हवी. उथळ गेली तर टाका निसटणार, खोल गेली तर डोळ्याला भोक. सुई आत सरकत असताना तिची चकाकी श्वेतपटलाखालून पुसट दिसत राहते. त्या पुसटपणावरून डॉक्टर खोली ओळखतात. शेवटी पट्टीची दोन टोकं सिलिकॉनच्या इवल्याशा नळीत ओवून खेचली. खेचल्यावर पुन्हा आत पाहिलं: पडद्याच्या मुख्य धमनीतलं रक्त वाहतं आहे ना? डोळ्यातला दाब फार वाढला तर ते थांबतं. वाहत होतं. तेव्हा कुठे सगळ्यांचे श्वास सुटले.

या पट्टीला टक्कर देण्यासाठी एक नवा पदार्थ आला होता, आणि त्याचं प्रकरण या पुस्तकात मी सर्वांत विस्ताराने लिहिलं आहे. बाजारातलं त्याचं नाव मिराजेल. ॲक्रिलेटांपासून केलेला हायड्रोजेल, पाणी धरून ठेवणारा, मऊ, डोळ्याच्या गोलाईशी सहज जुळणारा. सिलिकॉनपेक्षा श्वेतपटल कापण्याची भीती कमी. शिवाय तो प्रतिजैविक शोषून घेई आणि हळूहळू सोडी, म्हणजे संसर्गाचीही सोय. ऐंशीच्या दशकात अनेक देशांत तो वापरला गेला. पहिल्या काही वर्षांचे निकाल छान होते. कुठल्याही चाचणीत तो पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला असता.

बिघाड दिसायला सात, दहा, पंधरा वर्षं लागली. त्या पॉलिमरच्या साखळीवर एस्टर गट होते. शरीराच्या कोमट, ओलसर वातावरणात ते अतिशय मंद गतीने तुटत होते आणि त्यांच्या जागी पाणी ओढणारे आम्लगट येत होते. जितके आम्लगट, तितकं पाणी. जितकं पाणी, तितका फुगा. डोळ्याच्या बाजूला पापणीखाली गाठ वाटू लागली, डोळा हलेना, एकाचे दोन दिसू लागले, काहींमध्ये जेल त्वचेतून बाहेर आला किंवा श्वेतपटलातून आत घुसला. रुग्ण वेगळ्याच डॉक्टरांकडे जाई. त्यांना स्कॅनवर पाण्याने भरलेली गाठ दिसे आणि ट्यूमरची शंका येई, कारण वीस वर्षांपूर्वी त्या डोळ्यावर काय ठेवलं होतं हे सांगणारं कुणी नसे. काढायला जावं तर चिमट्याने धरताच जेलचा भुगा होई. तो गोठवून किंवा ओढून, तुकड्या-तुकड्याने काढावा लागे. नव्वदच्या दशकात त्याचं उत्पादन थांबलं, तरी ज्यांच्या डोळ्यांवर तो आधीच होता, त्यांच्यात तो पुढेही फुगत राहिला.

मिराजेल बनवणाऱ्यांनी काही लबाडी केली असं मला म्हणायचं नाही. त्या काळच्या कसोट्या त्यांनी लावल्या. कसोट्यांची मुदतच तोकडी होती. इंग्लंडमधले पदार्थशास्त्रज्ञ डेव्हिड विल्यम्स यांच्या पुढाकाराने १९८६ साली चेस्टर इथे जैवसुसंगतीची जी व्याख्या ठरली, तिचा गाभाच हा आहे की सुसंगती ही पदार्थाच्या अंगची गोष्ट नाही. विशिष्ट कामासाठी, विशिष्ट जागी ठेवलेल्या पदार्थाला शरीर योग्य प्रतिसाद देतं का, यावर ती ठरते. त्या व्याख्येत काळाचा उल्लेख आणखी ठळक असता तर बरं झालं असतं, असं माझं मत आहे.

आता डोळ्याच्या आत येऊ. १९११ साली जर्मन डॉक्टर ओम यांनी सुटलेल्या पडद्यासाठी डोळ्यात हवा भरली. १९३८ साली स्वीडनच्या रोझेनग्रेन यांनी ती शहाणपणाने वापरली. बुडबुडा वर तरंगतो, पडद्याला आतून टेकतो, आणि छिद्रावर बसला की पाण्याला मागे जायची वाट राहत नाही. छिद्र कुठे आहे त्यानुसार रुग्णाने डोकं ठेवायचं. कधी दिवस-रात्र पालथं निजायचं. घरच्यांना ही शिक्षा वाटते, पण उपचाराचा अर्धा भाग तोच आहे. हवा काही दिवसांत विरते. म्हणून मायामीच्या एडवर्ड नॉर्टन यांनी १९७३ साली सल्फर हेक्झाफ्लोराइड आणला, आणि पुढे लिंकॉफ यांच्या कामातून परफ्लोरोप्रोपेन आला. हे वायू रक्तात फार कमी विरघळतात. रक्तातला नायट्रोजन बुडबुड्यात शिरतो, पण आतला वायू तितक्या वेगाने बाहेर जाऊ शकत नाही. त्यामुळे शुद्ध वायूचा बुडबुडा आधी फुगतो, पहिला सुमारे दुप्पट, दुसरा सुमारे चौपट. म्हणून पूर्ण डोळा भरताना तो हवेत मिसळून देतात. पहिला साधारण दोन आठवडे टिकतो, दुसरा दीड-दोन महिने.

वायू डोळ्यात असेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. आपल्याकडे मात्र एक गोष्ट तितक्या आवर्जून सांगितली जात नाही. मुंबईत ऑपरेशन करून महाबळेश्वरला परतणारा रुग्ण सुमारे साडेतेराशे मीटर वर चढतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने इतका कमी की बुडबुड्याला साधारण सहाव्या हिश्शाने जास्त जागा हवी असते. डोळ्याची भिंत ताणली जात नाही. वाढतो तो आतला दाब. घाटात डोळा ठणकू लागला, दिसेनासं झालं, तर ती गाडीची मळमळ समजू नये. कोकणातून घाटावर येणाऱ्या प्रत्येक रुग्णाने निघण्याआधी डॉक्टरांना आपलं गाव आणि रस्ता सांगावा. दुसरी सूचना भूल देणाऱ्यांसाठी: नायट्रस ऑक्साइड या बुडबुड्यात झपाट्याने शिरतो. अपघातात बेशुद्ध पडलेला माणूस आपल्या डोळ्यात वायू आहे हे सांगू शकत नाही, म्हणून काही दवाखाने वायू भरलेल्या प्रत्येक रुग्णाच्या मनगटावर पट्टा बांधतात. हा पट्टा प्रत्येक ठिकाणी असायला हवा. जाता जाता: सल्फर हेक्झाफ्लोराइड हा कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त उष्णता अडवणारा वायू आहे. डोळ्यांसाठी त्याचा वापर थोडा, पण जिथे हवेनेच काम भागेल तिथे हवा वापरावी असं आता अनेक नेत्रतज्ज्ञ म्हणतात, आणि ते मला रास्त वाटतं.

अवघड पडदे, पुन्हा पुन्हा सुटणारे, सुरकुतलेले, यांना वायू पुरत नाही. अमेरिकेत सेंट लुइसच्या पॉल सिबिस यांनी १९६२ साली डोळ्यात सिलिकॉनचं तेल भरलं. तीच साखळी, फक्त जाळं न बांधलेली, म्हणून वाहती. पाण्यापेक्षा जराशी हलकी, घनता ०.९७. सिबिस लवकर वारले, अमेरिकेत तेल मागे पडलं. इंग्लंडमध्ये केंब्रिजचे स्कॉट आणि नेदरलँड्समधले झिवोयनोविच यांनी ते टिकवलं. रॉबर्ट मॅकेमर यांनी १९७० च्या सुमारास डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत शिरून जेल कापून काढण्याची पद्धत शोधली आणि तेलाला खरी जागा मिळाली. तेल वायूसारखं विरत नाही, ही त्याची ताकद, आणि हीच त्याची अडचण. काळाने त्याचे बारीक थेंब होतात, ते पाण्याच्या निचऱ्याची जाळी बुजवतात, डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदू होतो, बुबुळाला इजा होते. तेलात लहान साखळ्यांची भेसळ जितकी जास्त, तितके थेंब लवकर. म्हणून बहुतेक वेळा ते तीन ते सहा महिन्यांत काढायचं असतं. 'दिसतंय की, मग कशाला पुन्हा ऑपरेशन' म्हणून तेल डोळ्यात ठेवून दिलेले रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना समजावणारं कुणी भेटत नाही, हे दुःख आहे.

जड द्रवांची गोष्ट निराळी. परफ्लोरोकार्बन प्राणवायू भरपूर विरघळवतात. १९६६ साली क्लार्क आणि गोलान यांनी अशा द्रवात बुडवलेले उंदीर श्वास घेत जिवंत ठेवून दाखवले होते. कृत्रिम रक्ताच्या शोधातले हे द्रव न्यूयॉर्कच्या स्टॅन्ली चँग यांनी १९८७ साली पडद्यासाठी वापरले. पाण्याच्या पावणेदोन पट जड असलेला परफ्लोरोऑक्टेन थेंबाथेंबाने सोडला की पडदा मागून पुढे आपोआप सपाट होत जातो आणि मागचं पाणी छिद्रातून बाहेर ढकललं जातं. काम संपलं की तो काढून घ्यायचा. एवढा थोडा वेळ डोळ्यात राहणाऱ्या द्रवाचं काय बिघडणार, असं वाटत होतं. २०१५ साली स्पेनमध्ये उत्तर मिळालं. एका उत्पादनाच्या काही खेपा वापरलेल्या रुग्णांची दृष्टी यशस्वी शस्त्रक्रियेनंतर गेली. पडद्याच्या पेशी आणि रक्तवाहिन्या मेल्या होत्या. त्या द्रवात विषारी अशुद्धी होत्या. अधिक धक्कादायक हे की तो द्रव प्रचलित चाचण्यांतून पार झालेला होता. त्या चाचणीत पदार्थाचा पाण्यातला अर्क पेशींवर घालतात. हा द्रव तर पाण्यात मिसळतच नाही, मग अर्कात विष उतरणार कसं? पेशींवर द्रव थेट ठेवून पाहिला तेव्हा विष दिसलं. मिराजेलला पकडायला दहा वर्षं लागली असती. इथे थोड्या वेळाची योग्य परीक्षा पुरली असती, ती चुकीच्या पद्धतीने घेतली गेली. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनी हे प्रकरण दोनदा वाचावं.

पुढे काय येतं आहे? वायूही नको, तेलही नको, निसर्गातल्यासारखा पारदर्शक जेलच परत भरता यावा, अशी इच्छा आहे. जपानी संशोधकांनी २०१७ साली अतिशय कमी पॉलिमर असलेला, डोळ्यात टोचल्यावर काही मिनिटांत घट्ट होणारा जेल सशांच्या डोळ्यांत वर्षभराहून जास्त काळ ठेवून दाखवला. मिराजेलची आठवण ठेवून त्यांनी फुगण्याचा दाब नगण्य राहील याची काळजी घेतली आहे. सिंगापूरच्या गटाने २०१९ साली शरीराच्या उष्णतेने घट्ट होणारा जेल प्राण्यांत वापरला. तो काही महिन्यांत विरतो आणि त्याच्या जागी शरीर स्वतः व्हिट्रियससारखा पदार्थ तयार करतं, असं त्यांना आढळलं. चीनमध्ये ग्वांगझूला सिलिकॉनच्या पातळ पिशवीत द्रव भरून ती डोळ्यात ठेवण्याचा मार्ग निवडला आहे. मला सिंगापूरची दिशा सर्वांत आशेची वाटते, कारण त्यात पदार्थाला मुक्काम ठोकायचाच नाही. पण सशाच्या डोळ्यातलं एक वर्ष आणि माणसाच्या डोळ्यातली तीस वर्षं यांतलं अंतर या पुस्तकाच्या वाचकाला एव्हाना कळलेलं असेल.

आपल्या देशातल्या वाटचालीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. शेपेन्स यांच्या हाताखाली बॉस्टनला शिकलेले डॉ. एस. एस. बद्रिनाथ यांनी १९७८ साली चेन्नईत शंकर नेत्रालय सुरू केलं आणि पडद्याच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण इथे रुजवलं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेली ऑरोलॅब १९९२ पासून आधी कृत्रिम भिंगं आणि पुढे डोळ्यांसाठीचं सिलिकॉन तेलही भारतात बनवू लागली. परदेशी किमतीपायी उपचार सोडून जाणाऱ्यांना याचा केवढा आधार झाला ते वेगळं सांगायला नको. एक खंत मात्र मांडतो. पट्टी बांधण्याचं कसब आज मागे पडत चाललं आहे. यंत्राने जेल कापणं नव्या डॉक्टरांना जास्त शिकायला मिळतं. पण तरुण रुग्ण, ज्याचं स्वतःचं भिंग शाबूत आहे आणि जेल अजून सुटलेला नाही, त्याच्यासाठी ती साधी सिलिकॉनची पट्टी आजही बहुधा उत्तम उपाय आहे, आणि तिला महागडं यंत्र लागत नाही. शिकवणाऱ्या संस्थांनी हे कसब नामशेष होऊ देऊ नये.

हे पुस्तक रसायनाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, नेत्रविभागात काम करणाऱ्या परिचारिका आणि तंत्रज्ञांसाठी आहे, आणि ज्यांचा किंवा ज्यांच्या घरातल्या कुणाचा पडदा सरकला आहे त्यांच्यासाठीही. साखळ्यांची आणि बंधांची चर्चा जड वाटली तर ती पानं ओलांडून पुढे जा. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी रुग्णाला कामाला येईल तेवढं वेगळं दिलं आहे.

आणि एक कळकळीची विनंती. डोळ्यासमोर अचानक वीज चमकल्यासारखं झालं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा एका बाजूने काळी सावली सरकू लागली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. त्याच दिवशी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. ऑपरेशन झालेलं असेल तर त्याचा कागद मागून घ्या. डोळ्यावर कुठली पट्टी आहे, आत कुठला वायू किंवा किती दाट तेल भरलं, कोणत्या तारखेला, तेल कधी काढायचं, हे त्यावर लिहिलेलं आहे ना ते पाहा. तेल भरलेल्या डोळ्याची लांबी ध्वनिलहरींनी मोजली तर ती चुकते, कारण तेलात ध्वनी खूप मंद चालतो. मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा नंबर ठरवणाऱ्या डॉक्टरांना हे आधी कळायला हवं. म्हणून तो कागद आधार कार्डाइतका जपा, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा, आणि घरातल्या आणखी एकाला तो कुठे आहे हे सांगून ठेवा.